शोधपत्रिका चालवताना आकडेवारीचा उपयोग कसा करावा

नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या मराठी-इंग्रजी सहामाही शोधपत्रिकेचे संपादन मी काही वर्षे करत आहे. जिल्ह्यात अशीच पत्रिका चालवणारे प्राध्यापक भेटले की पहिला प्रश्न बहुधा इम्पॅक्ट फॅक्टरचा, म्हणजे पत्रिकेतील लेखांचा इतर संशोधकांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला या आकड्याचा, निघतो. छोट्या पत्रिकेने सुरुवात तिथून करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे आकडे आपल्या हातातल्या कामातून तयार होतात आणि ज्यांच्यावरून पुढच्याच महिन्यात काही बदलता येते, ते आधी नोंदवावेत. त्यांतला पहिला आकडा म्हणजे निबंध पाठवणाऱ्या लेखकाला उत्तरासाठी किती दिवस थांबावे लागले.

त्यासाठी प्रत्येक निबंधाची एक ओळ आणि तीत सहा तारखा पुरतात: निबंध आला ती तारीख, संपादकाने तो वाचला ती, समीक्षकाला, म्हणजे निबंध तपासणाऱ्या विषयतज्ज्ञाला, विनंती गेली ती, समीक्षकाने होकार दिला ती, अभिप्राय आला ती आणि लेखकाला निर्णय कळवला ती. ओपन जर्नल सिस्टीम्स ही पत्रिकेचे काम ऑनलाइन चालवण्याची मोफत प्रणाली वापरणाऱ्यांकडे यांपैकी बहुतेक तारखा आपोआप साठतात. ज्यांचे काम ईमेलवर चालते त्यांना एक्सेलचा तक्ता पुरेसा आहे. मात्र तारीख त्याच दिवशी भरली पाहिजे, कारण महिन्याच्या शेवटी आठवून भरलेल्या तारखा विश्वासार्ह राहत नाहीत.

आमच्या तक्त्यातील एक ओळ इथे सांगण्यासारखी आहे. द्राक्षबागांतील हंगामी मजुरांवरचा एक निबंध १२ जूनला आला. समीक्षकाला विनंती गेली २३ जुलैला. त्यांनी तीन दिवसांत होकार कळवला आणि पुढच्या १९ दिवसांत चार पानी अभिप्राय पाठवला. उशिराबद्दल आम्ही संपादक मंडळाच्या बैठकांत सतत समीक्षकांना बोल लावत होतो. पण या ओळीतले ४१ दिवस आमच्याच टेबलावर गेले होते. तेव्हापासून दर सोमवारी नवे निबंध उघडून त्याच आठवड्यात समीक्षक ठरवायचे, एवढा एकच नियम आम्ही केला आणि तो कसोशीने पाळतो.

दिवसांचा हिशेब करताना सरासरीवर विसंबू नये. समजा सात निबंधांच्या निर्णयाला अनुक्रमे १८, २२, २५, २७, ३१, ३४ आणि २१० दिवस लागले, तर सरासरी ५२ दिवसांच्या पुढे जाते, पण सातपैकी सहा लेखकांना ३४ दिवसांतच उत्तर मिळालेले असते. इथे मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा २७, हाच खरा अनुभव सांगतो. तरीही २१० दिवसांची ती ओळ बाजूला टाकू नये. ती उघडून काय घडले ते पाहावे, कारण त्या लेखकाची पदोन्नती किंवा पीएचडी तिच्यामुळे अडलेली असू शकते. आणखी एक काळजी घ्यावी. समीक्षेला न पाठवता परत केलेल्या निबंधांचा निर्णय चार-आठ दिवसांत होतो आणि ते एकत्र मोजले तर आपण प्रत्यक्षाहून वेगवान दिसू लागतो. दोन्ही गटांचे मध्यक वेगवेगळे काढावेत.

स्वीकृतीचे प्रमाण काढतानाही अशीच चूक होते. या वर्षी स्वीकारलेले निबंध भागिले या वर्षी आलेले निबंध, असा भागाकार करू नये, कारण स्वीकारलेल्यांपैकी काही मागच्या वर्षी आलेले असतात. एका वर्षात आलेला गट घ्यावा, त्यातील सर्वांचे निर्णय होईपर्यंत थांबावे आणि मगच प्रमाण काढावे.

समीक्षकांच्या नोंदीत किती विनंत्या गेल्या, किती स्वीकारल्या गेल्या आणि कोणावर किती भार पडला, हे पाहावे. महिन्यानुसार मांडणी केल्यावर आमच्या लक्षात आले की विद्यापीठाच्या परीक्षा आणि उत्तरपत्रिका तपासणीच्या काळात होकार फारच कमी येतात. म्हणून आम्ही त्या काळाच्या आधीच विनंत्या पाठवतो आणि मुदत जास्त देतो. तेच ते पाच-सहा ज्येष्ठ प्राध्यापक निम्म्याहून अधिक निबंध तपासत असतील, तर ते त्यांच्यावर अन्यायकारक आहे आणि पत्रिकेसाठी धोक्याचेही.

वाचनाच्या आकड्यांत सर्वात जास्त फसगत होते. संकेतस्थळाच्या सर्व्हरवर दिसणाऱ्या भेटींत गूगलसारख्या शोधयंत्रांचे रोबोटही, म्हणजे पाने आपोआप उघडणारे प्रोग्रॅमही, मोजले जातात. ऑनलाइन वाचन कसे मोजावे हे ठरवणाऱ्या काउंटर नावाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार रोबोट वगळावे लागतात आणि एकाच वाचकाने ३० सेकंदांच्या आत त्याच दुव्यावर पुन्हा केलेली क्लिक वेगळी धरली जात नाही. म्हणून काउंटर पाळणाऱ्या प्रणालीचे आकडेच घ्यावेत आणि दोन वेगळ्या प्रणालींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

मराठी पत्रिकांसाठी यात एक फार महत्त्वाचे निदान दडलेले आहे. आमच्या इंग्रजी निबंधांना शोधयंत्रांतून वाचक येत होते, मराठी निबंधांना जवळजवळ येतच नव्हते. मराठीला वाचक नाहीत, असा निष्कर्ष मंडळातील काहींनी काढलाही. मग गोदाकाठच्या शिलालेखांवरील निबंधाची पीडीएफ उघडून मी त्यातला एक परिच्छेद निवडला आणि नोटपॅडमध्ये चिकटवला. देवनागरीऐवजी तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक रांग उमटली. अंक जुन्या, युनिकोड (कोणत्याही संगणकाला अक्षर ओळखता यावे अशी सर्वमान्य संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेला होता. डोळ्यांना मराठी दिसणारा तो मजकूर शोधयंत्राला वाचताच येत नव्हता. प्रत्येक मराठी संपादकाने आपल्या अंकांवर ही तपासणी आजच करावी. नवे अंक युनिकोडमध्ये जुळवावेत आणि जुन्या निबंधांची निदान शीर्षके, सारांश व संदर्भसूची तरी युनिकोडमध्ये संकेतस्थळावर भरावी.

उद्धरणांकडे, म्हणजे आपल्या लेखांचे इतरांनी दिलेल्या संदर्भांकडे, याच्यानंतर वळावे. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट या कंपनीच्या वार्षिक अहवालात येतो आणि तो मागील दोन वर्षांच्या लेखांवर काढलेला असतो. शुल्क घेऊन कोणत्याही पत्रिकेला आकडा देणाऱ्या संस्थांची प्रमाणपत्रे मुखपृष्ठावर छापू नयेत, त्याने पत्रिकेची पत जाते. दोन वर्षांत २४ लेख आणि १२ उद्धरणे असतील तर भागाकार ०.५ येतो, त्यांतल्या एकाच लेखाला आणखी १२ उद्धरणे मिळाली तर तो १ होतो. बाकीच्या २३ लेखांत मात्र काहीही बदललेले नसते. संशोधनाचे मूल्यमापन कसे करावे याविषयी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानेही पत्रिकेच्या आकड्यावरून एखाद्या संशोधकाचे मूल्यमापन करू नये, असेच बजावले आहे. आपल्या पत्रिकेतील कोणता लेख कोणी, कशासाठी उद्धृत केला, हे वाचून काढणे छोट्या मंडळाला सहज शक्य आहे आणि विशेषांकाचा विषय ठरवताना तेच उपयोगी पडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये केअर यादी, म्हणजे मान्यताप्राप्त शोधपत्रिकांची यादी, बंद केल्यामुळे आता पत्रिकेचा दर्जा लेखकांना आणि महाविद्यालयांना स्वतः तपासावा लागतो. म्हणून दर जानेवारीत मागील वर्षी आलेले निबंध, निर्णयाच्या दिवसांचा मध्यक, निकाली निघालेल्या गटाचे स्वीकृतीचे प्रमाण आणि प्रत्यक्ष काम केलेल्या समीक्षकांची संख्या संकेतस्थळावर जाहीर करावी. निर्णयाचे दिवस वाढले असतील तर तेही कारणासह लिहावे, आणि त्याच बैठकीत येत्या सहा महिन्यांसाठी एकच सुधारणा निवडून ती कोण करणार याची नोंद इतिवृत्तात करावी.