नवी, जुनी की स्वस्तातली गाडी : या चुका टाळा

नवी गाडी घ्यावी, जुनी घ्यावी की नवीच पण स्वस्तातली, हे विचारायला येणाऱ्या बहुतेकांनी हिशेब केलेला असतो तो फक्त मासिक हप्त्याचा. कर्जाची मुदत तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेली की हप्ता घटतो, पण एकूण व्याज वाढते. शिवाय नव्या गाडीची किंमत सुरुवातीलाच झपाट्याने उतरत असल्यामुळे ती मध्येच विकावी लागली, तर आलेल्या पैशांत उरलेले कर्जही फिटेल याची खात्री नसते. इंधन, विमा, देखभाल आणि पाच वर्षांनंतरची विक्रीची किंमत कागदावर मांडल्याशिवाय मी मत देत नाही, आणि ज्यांना एवढे लिहिण्याचाही कंटाळा येतो त्यांनी मला विचारू नये.

दुसरी चूक म्हणजे जुन्या गाडीच्या झळाळीला भुलणे. एका परिचितांसोबत मी अशीच एक गाडी पाहायला गेलो होतो. मीटरवर किलोमीटर कमी, सीटकव्हर नवीकोरी, आत अत्तराचा घमघमाट. गृहस्थ तिथल्या तिथे विसार द्यायला निघाले. मी चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तेव्हा एरवी गुंडाळलेल्याच राहणाऱ्या भागावर वाळलेल्या चिखलाची रेघ दिसली. स्टेपनीखालच्या खळग्यात गाळ होता आणि सीटचे बोल्ट गंजलेले होते. गाडी पाण्यात बुडालेली होती. तरीही ‘किंमत पाडून घेऊ या’ हा त्यांचा हेका सुटेना. अशा गाडीच्या वायरिंगचे जोड आतून गंजत राहतात आणि बिघाड काही महिन्यांनी, तोही दर वेळी नव्या ठिकाणी उपटतो, हे त्यांच्या गळी उतरवायला पाहणीपेक्षा जास्त वेळ लागला.

इंजिन आधीच गरम करून ठेवलेले आढळले, तर मी पाहणी दुसऱ्या सकाळवर ढकलतो, कारण सुरू होतानाचा धूर आणि खडखडाट थंड इंजिनच दाखवते.

टायरवरील उत्पादनाचा चार आकडी क्रमांक वाचावा; ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. मीटर वीस हजार किलोमीटर दाखवत असेल आणि चारही टायर गाडीहून तीन वर्षांनी नवे असतील, तर मला मीटरचीच शंका येते, कारण एवढ्या कमी अंतरात चारही टायर सहसा बदलावे लागत नाहीत.

स्वस्त नव्या गाडीत एअरबॅग किंवा घसरण रोखणारी ईएससी यंत्रणा गाळून किंमत उतरवलेली असेल, तर त्याच पैशांत या सोयी असलेली, सर्व्हिसच्या पावत्या जपलेली जुनी गाडी मी निवडतो. मात्र इंजिनात टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा) असेल आणि तो बदलल्याची पावती नसेल, तर बदललेलाच नाही असे धरून त्याचा खर्च मी किमतीतून वजा करायला लावतो, कारण तो तुटल्यास अनेक इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात.