कमांडो येईपर्यंत: पोलीस कंट्रोलमध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

अतिरेकी हल्ला म्हटलं की नव्या उपनिरीक्षकाच्या डोळ्यांसमोर एनएसजी, म्हणजे केंद्राचं कमांडो दल येतं. पण 26 नोव्हेंबर 2008 ला रात्री साडेनऊच्या सुमारास मुंबईत गोळीबार सुरू झाला आणि एनएसजी मानेसरच्या तळावरून दिल्लीला, तिथून विमानाने, पुढे बसने दक्षिण मुंबईत पोचेपर्यंत दिवस उजाडला होता. 2009 मध्ये मुंबईतच एनएसजीचं केंद्र झालं, राज्याने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो पथक उभारलं. तरीही सुरुवातीचा वेळ निभवावा लागतो तो जवळच्या पोलीस ठाण्याला आणि कंट्रोलला.

फोन घेताना वेळ, ठिकाण आणि नंबर तर लिहाच, पण समोरच्याने स्वतः पाहिलंय की नुसतं ऐकलंय, हे हमखास विचारा. त्या रात्री विलेपार्ले आणि वाडीबंदरला टॅक्सीत ठेवलेले बॉम्ब फुटले. हल्लेखोर तेव्हा तिथे नव्हते. असे स्फोट नकाशावर मांडले की शहरभर टोळ्या फिरताहेत असं वाटू लागतं, आणि सगळी कुमक पांगते. म्हणून 'पाहिलं' आणि 'ऐकलं' यांचे रकाने वेगळे ठेवा. एकाच घटनेचे दहा फोन आले तर ते एकाच नोंदीखाली घ्या.

प्रत्येक ठिकाणी कमांडर एकच हवा. मागाहून वरिष्ठ अधिकारी पोचले तर त्यांनी 'सूत्रं घेतली' असं वायरलेसवर सांगायचं आणि तुम्ही वेळेसह नोंदवायचं. हे राहून गेलं की दोन साहेबांचे दोन हुकूम निघतात आणि शिपाई मध्ये अडकतो.

घेराव दोन असतात. आतल्यात फक्त सशस्त्र जवान, बाहेरच्यात वाहतूक पोलीस आणि राज्य राखीव पोलीस दल. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्या आतल्या घेराबाहेर, गोळीच्या टप्प्यात नसलेल्या जागी थांबवा. येण्याचा रस्ता एक, जाण्याचा दुसरा. गफलत बहुतेकदा इथेच होते: धावून आलेल्या अधिकाऱ्यांच्या गाड्या रस्त्यातच उभ्या राहतात आणि जखमी आतच अडकतो. गाड्या हलवायला सुरुवातीपासून एक हवालदार नेमा. 2008 च्या हल्ल्यात ताज हॉटेलमध्ये आग आणि गोळीबार एकाच वेळी चालू असताना अग्निशमन दलाने शिड्या लावून लोक उतरवले. त्यामुळे अग्निशमन जवानांना संरक्षण कोण देणार हे शिडी लागण्याआधी ठरलेलं असावं.

विशेष पथकाकडे सूत्रं देताना 'आत अतिरेकी आहेत' एवढ्याने भागत नाही. किती दिसले, शेवटचे कुठल्या मजल्यावर, किती वाजता. अडकलेले लोक कुठे. जिने, सेवेची दारं, लिफ्ट, गॅस आणि विजेची बटणं कुठे. इमारत ओळखणारा एक कर्मचारी त्यांच्या सोबतीला द्या, कारण कागदावरचा नकाशा जुना असू शकतो. आणि सर्वांत आधी हे सांगा, की आपली माणसं आत कुठे आहेत, साध्या कपड्यांत कोण आहे. हे सांगायचं राहिलं तर आपल्याच गोळीने आपला माणूस पडतो.

प्रत्येक दलाचा वायरलेस चॅनेल वेगळा, सांकेतिक शब्दही वेगळे. यावर भरवशाचा उपाय साधा आहे: प्रत्येक दलाचा एक संपर्क अधिकारी आपला सेट घेऊन कमांडरशेजारी बसवायचा आणि बोलणं साध्या भाषेत ठेवायचं.

2008 च्या हल्ल्यात टीव्हीवरून कारवाई पाहून पाकिस्तानातले सूत्रधार हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. 2015 पासून केबल टीव्ही नियमांनुसार कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपणाला मनाई आहे. नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक वेळाने माहिती द्यायची. तो अधिकारी लवकर नेमा, नाहीतर बाहेरच्या घेरावरचा प्रत्येक जण प्रवक्ता होतो.

गोळीबार थांबला तरी बॉम्बशोधक व नाशक पथकाने हिरवा कंदील देईपर्यंत जागा मोकळी करू नका. सीएसटी स्थानकावर गोळा केलेल्या बेवारस सामानात स्फोटकांची पिशवी सापडली ती 3 डिसेंबरला, हल्ल्यानंतर आठवडाभराने. बॅगा आवरायच्या घाईत ढीग करायचा नाही. जिथे आहे तिथेच तपासणी, मग खूण, मग हलवणं, आणि कोणी हलवली त्याचं नाव.

ज्यांना पुढे पथकात जायचंय त्यांच्यासाठी: एनएसजीत थेट भरती नसते, लष्कर, केंद्रीय दलं आणि राज्य पोलिसांतून प्रतिनियुक्तीवर घेतात. फोर्स वनची निवड राज्य पोलिसांतून होते. तोवर सागर कवचसारख्या किनारा सुरक्षेच्या सरावात कंट्रोलची ड्युटी मागून घ्या.