सीटबेल्टचं तिकीट: भरून मोकळं व्हायचं की कोर्टात जायचं (न्यू जर्सीत नवीन आलेल्यांसाठी)

मे महिना संपत आला की नवीन आलेल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. दादा, सीटबेल्टचं तिकीट दिलंय, वर कोर्टाची तारीख छापलीय, आता व्हिसाचं काय होणार? मे मध्येच का, तर मेमोरियल डेच्या आसपास देशभर 'क्लिक इट ऑर टिकेट' नावाची मोहीम चालते, त्या दिवसांत पोलीस सिग्नलपाशी, रॅम्पच्या तोंडाशी खास बेल्टसाठीच उभे राहतात, आणि आपण नुकतेच आलेले, ऑफिसपासून घर दहा मिनिटांवर, एवढ्याशा अंतराला कशाला बेल्ट म्हणून निघालेले.

तर पहिली गोष्ट, व्हिसाबिसाला काही होत नाही. न्यू जर्सीत मोठ्या माणसाच्या सीटबेल्टच्या तिकिटाचा मूळ दंड २० डॉलर आहे, कोर्टाचा खर्च आणि बारीकसारीक फी धरून ४६ डॉलर होतात. लायसन्सवर पॉइंट (म्हणजे ट्रॅफिकच्या चुकांची नोंद, ते साचले की लायसन्सला आणि इन्शुरन्सला त्रास) पडत नाहीत आणि इन्शुरन्सचे पॉइंटही लावायचे नाहीत असं कायद्यातच लिहिलेलं आहे. पुढे कधी सिटिझनशिपचा फॉर्म भराल तेव्हा तिकिटांबद्दल विचारतात, तिथे लपवायचं नाही एवढंच, त्यासाठी पैसे भरल्याची पावती किंवा कोर्टाच्या निकालाचा कागद स्कॅन करून ठेवा, दहा वर्षांनी शोधत बसायला नको.

पण दुसरं टोकही गाठू नका. आपल्याकडे ई-चलानं साचवायची आणि लोकअदालत लागली की निम्म्यात मिटवायची अशी बऱ्याच जणांना सवय असते (मलाही पुण्यातले असे दोनचार महाभाग माहीत आहेत), ते इथे अजिबात चालत नाही. तिकिटाला उत्तर दिलं नाही आणि तारखेला गेला नाहीत तर कोर्ट लायसन्स सस्पेंड करायला लावू शकतं, वॉरंटही काढू शकतं, म्हणजे ४६ डॉलरचं प्रकरण खरोखरच डोक्याला ताप होतं. आणि नवीन आलेला माणूस पहिल्या वर्षात घर बदलतोच, तेव्हा पत्ता बदलला की आठवड्याच्या आत मोटर व्हेइकल कमिशनला कळवायचा असा इथे नियम आहे, नाहीतर कोर्टाचं पत्र जुन्या अपार्टमेंटच्या डब्यात पडून राहतं.

तिकीट कुणाच्या नावावर येतं हेही बघून घ्या. ड्रायव्हर आणि शेजारी बसलेला, दोघांनी बेल्ट लावायचा, नुसत्या त्याच कारणासाठी गाडी थांबवता येते, २००० सालापासून तसा कायदा आहे. शेजारी बसलेला माणूस अठराच्या वरचा असेल तर तिकीट त्याच्या स्वतःच्या नावावर, अठराच्या खालचं कुणी असेल तर ड्रायव्हरच्या नावावर. मागच्या सीटवरच्या मोठ्यांनाही २०११ पासून सक्ती आहे, फक्त तेवढ्यासाठी गाडी थांबवत नाहीत, दुसऱ्या कशासाठी थांबवली तर मग तेही तिकीट देतात. लहान मुलांचं मात्र वेगळं कलम, वेगळा दंड, ५० ते ७५ डॉलर. आठ वर्षांच्या आत आणि ५७ इंचांपेक्षा कमी उंची असेल तर वयाप्रमाणे कार सीट नाहीतर बूस्टर, आणि तेही मागच्या सीटवर. भारतातून आजी आल्या की बाळ रडलं म्हणून पटकन मांडीवर घेतात, प्रेम समजू शकतो, पण तिथे मी कुणाचीच बाजू घेणार नाही आणि कोर्टही घेत नाही. गरोदर बाई असेल तरी सूट नाही, पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा. सूट आहे ती मुख्यतः डॉक्टरचं पत्र असेल तर, आणि ते पत्र गाडीत तुमच्यापाशी हवं. १ जुलै १९६६ च्या आधीच्या गाडीलाही सूट आहे पण तशी गाडी आपल्यापैकी कुणाकडे असेल असं वाटत नाही.

आता आपल्या लोकांना सगळ्यात जास्त वेळा हे तिकीट कसं मिळतं ते सांगतो, कारण लढायचं की नाही ते यावरच ठरतं. मागे लाल-निळे दिवे दिसले, माणूस बाजूला घेतो, आणि घाबरून लगेच मागच्या खिशातलं पाकीट काढायला बेल्ट सोडतो, नाहीतर ग्लोव्ह बॉक्समधून रजिस्ट्रेशन काढायला वाकतो, तेवढ्यात ऑफिसर खिडकीपाशी पोचतो आणि त्याला दिसतं की बेल्ट नाही. ही गोष्ट खरी असली तरी प्रत्येक जण हीच सांगतो, त्यामुळे ऑफिसर ऐकूनही घेत नाही. म्हणून कधीही थांबवलं तर गाडी पार्कमध्ये, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बेल्ट तसाच. त्याने लायसन्स मागितलं की सांगायचं, पाकीट मागच्या खिशात आहे, बेल्ट काढून घेऊ का? हे वाक्य त्याच्या बॉडी कॅमेऱ्यात रेकॉर्ड होतं. गाडीतून खाली उतरून साहेब-साहेब करायला जाऊ नका, आणि इथेच काहीतरी मिटवून टाकू असं गमतीतसुद्धा म्हणू नका, तो थेट गुन्हा आहे, तिथे ४६ डॉलरवर भागत नाही.

लढायचं का, तर माझं मत सरळ आहे. बेल्ट लावला नव्हता तर भरून टाका, ऑनलाइन भरता येतं, मात्र भरलं म्हणजे तुम्ही गिल्टी कबूल केलं असा त्याचा अर्थ होतो. बेल्ट खरंच लावलेला होता तर जा, जरूर जा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण इथलं म्युनिसिपल कोर्ट म्हणजे बऱ्याचदा टाउनशिपच्या इमारतीतलाच एक हॉल असतो, तिथे वकिलाशिवाय आलेली माणसं जज रोज बघतात, पिढ्यान् पिढ्या खटले चालत नाहीत. नुसती चिडचिड म्हणून, किंवा मी ब्राउन आहे म्हणूनच थांबवलं असं वाटतं म्हणून जाणार असाल तर तेवढ्यावर भागणार नाही, तिथे प्रश्न एकच असतो, गाडी चालवत असताना बेल्ट होता की नव्हता.

आणि एक प्रकार असा की त्यात लढणं मूर्खपणाचं. ऑफिसरने तुम्हाला खरं म्हणजे स्पीडसाठी धरलेलं असतं आणि दया दाखवून नुसतं सीटबेल्टचं तिकीट हातात दिलेलं असतं. मर्यादेपेक्षा १ ते १४ मैल जास्त असेल तर २ पॉइंट, १५ ते २९ असेल तर ४, आणि पॉइंट आले की इन्शुरन्स पुढची काही वर्षं रडवतो. असं तिकीट मिळालं असेल तर मुकाट्याने भरा, बायको कितीही म्हणाली की अहो बेल्ट तर होता.

अपघात झाला असेल आणि कुणाला लागलं असेल तर मात्र वेगळंच. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच ठरवून दिलंय की बेल्ट न लावल्यामुळे इजा वाढली असेल तर भरपाई कमी होऊ शकते. तेव्हा अशा वेळी ऑनलाइन पैसे भरून मोकळे होऊ नका, आधी वकिलाला विचारा, आणि गिल्टी म्हणायचंच असेल तर कोर्टात 'सिव्हिल रिझर्वेशन' मागता येतं, म्हणजे ती कबुली पुढे भरपाईच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. एरवी या तिकिटासाठी वकील करू नका, त्याची फी दंडाच्या कितीतरी पट असते.

लढायचं ठरलं तर तिकिटावर कोर्टाचं नाव बघा. तुम्ही राहता त्या गावाचं नाही, जिथे थांबवलं त्या गावाचं कोर्ट. टर्नपाइकवर (टोलचा महामार्ग) स्टेट ट्रूपरने, म्हणजे राज्याच्या पोलिसाने, धरलं असेल तरी केस त्या हद्दीतल्या म्युनिसिपल कोर्टातच जाते, त्यामुळे राहायला एडिसनला आणि खेटे दुसऱ्याच गावाला असं होतं. तिकिटावर दिलेल्या मुदतीच्या आत कोर्टाच्या ऑफिसला नॉट गिल्टी कळवायचं, आणि त्याच दिवशी म्युनिसिपल प्रॉसिक्युटरला, म्हणजे त्या कोर्टातल्या सरकारी वकिलाला, पुरावे मागणारं पत्र लिहायचं, त्याला डिस्कव्हरी म्हणतात. पत्रात साध्या इंग्लिशमध्ये मागायचं, तिकिटाच्या दोन्ही बाजूंची कॉपी, ऑफिसरच्या नोट्स, डॅशकॅम आणि बॉडीकॅमचं रेकॉर्डिंग. गस्तीवरच्या पोलिसांना २०२१ पासून बॉडी कॅमेरा सक्तीचा आहे, पण रेकॉर्डिंग साधारणपणे १८० दिवसच ठेवतात आणि कोर्टाच्या तारखा पुढे पुढे ढकलल्या जातात, तेव्हा नंतर बघू म्हणून चालढकल करू नका.

घरी आल्या आल्या जे जे आठवतंय ते लिहून काढा. ऑफिसर कुठे उभा होता, तुमच्या पुढे की मागे की कडेला, उजेड किती होता, काचा टिंटेड आहेत का, अंगात काळा शर्ट आणि बेल्टही काळा असं होतं का, खांद्यावरचा पट्टा खिडकीमागच्या खांबाआड जातो का. त्याच जागेवर, त्याच वेळेला, तोच शर्ट घालून कुणाला तरी बाहेरून फोटो काढायला सांगा आणि छापून न्या, फोनवर दाखवतो म्हणालात तर जज वैतागतात. गाडीत दुसरं कुणी होतं तर त्याला साक्षीला घेऊन या, त्याच्याकडून लिहून आणलेलं पत्र सहसा घेत नाहीत.

तारखेच्या दिवशी लवकर जा, कॉलरचा शर्ट घाला, फोन बंद. आधी जज सगळ्यांना मिळून हक्क समजावून सांगतात, ते नीट ऐका. वकिलांच्या केसेस बहुधा आधी घेतात, त्यामुळे बसून राहावं लागतं. मग प्रॉसिक्युटरशी बोलायला मिळतं. तो तुमचा सल्लागार नाही हे लक्षात असू द्या. कधी कधी पॉइंट नसलेलं दुसरं कलम पुढे करतात, अनसेफ ड्रायव्हिंग, ऐकायला गोड लागतं पण त्यावर २५० डॉलरचा वेगळा सरचार्ज आहे, आणि सीटबेल्टला मुळात पॉइंटच नाहीत तर ते घ्यायचं कशाला. रेकॉर्डिंग बघून त्याला स्वतःलाच केस कच्ची वाटली तर तो तिकीट मागे घ्यायची विनंती जजना करू शकतो, म्हणून बोलताना आवाज खाली आणि मुद्दा एकच. पहिल्या तारखेला ऑफिसर आला नाही तर केस आपोआप उडते अशी जी दंतकथा आपल्या पॉटलकमध्ये चालते तिच्यावर विसंबू नका, बहुतेकदा नवी तारीख देतात. हो, पण प्रत्येक तारखेला तुम्ही हजर आणि तो नाही असं होत राहिलं तर जजना सांगा की मी तयार आहे, केस काढून टाकावी.

ट्रायलमध्ये ज्युरी नसते, जजच ठरवतात. पुरावा मात्र बियॉन्ड रीझनेबल डाउट, म्हणजे वाजवी शंकेला जागा न ठेवणारा, लागतो, ट्रॅफिकच्या केसलासुद्धा, आणि तो सरकारने द्यायचा. आधी ऑफिसर साक्ष देतो, मग तुम्ही त्याला प्रश्न विचारायचे. इथे आपली मंडळी घसरतात, प्रश्न विचारायच्या जागी स्वतःची कहाणी सुरू करतात आणि जज थांबवतात. छोटे प्रश्न विचारा. तुम्ही कुठल्या बाजूने बघितलंत? गाडीचा वेग किती होता? किती सेकंद दिसलं? खिडकीपाशी आलात तेव्हा पाकीट माझ्या हातात होतं का? त्या दिवशी अजून किती सीटबेल्टची तिकिटं दिलीत? मोहिमेच्या दिवसांत त्याने ढिगाने दिलेली असतात आणि तुमचीच गाडी वेगळी आठवत नसेल तर ते त्याच्याच तोंडून येऊ दे. तुम्ही खोटं बोलताय असं त्याला चुकूनही म्हणू नका, तुम्हाला दिसलं नसेल एवढंच. तुम्ही साक्ष द्यायलाच पाहिजे असं नाही, पण दिलीत तर शपथेवर असते, तिथे बेल्ट होता म्हणायचं तर तो होताच पाहिजे. पट्टा काखेखालून घेतला होता तर तेही नियमात बसत नाही, ते ऑफिसरने बघितलं असेल तर तुमचा मुद्दा गेला.

काही कोर्टं झूमवर घेतात. तेव्हा खोलीत नीट बसा. चालत्या गाडीतून सीटबेल्टच्या केसला हजेरी लावणारे लोक असतात, खोटं नाही सांगत.

हरलात तर दंड आणि कोर्टाचा खर्च, तो जज ३३ डॉलरपर्यंत लावू शकतात. अपील २० दिवसांत सुपिरिअर कोर्टाच्या लॉ डिव्हिजनमध्ये करता येतं, पण या तिकिटासाठी कुणी करावं असं मला वाटत नाही.

आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आलेले असताना पुढच्या सीटवर बसून त्यांच्या नावावर तिकीट आलं तर त्यांनी परत जायच्या आधी निकाल लावा, मागे ठेवून जाऊ नका. बेल्ट होताच आणि लढायचंय पण तारीख त्यांच्या विमानानंतरची असेल तर कोर्टाला आधी लेखी कळवून अॅफिडेव्हिटवर बाजू मांडायची परवानगी मागता येते, लांब राहणाऱ्यांसाठी तशी सोय आहे. आणि ते इथे असताना तारीख लागली तर मराठी दुभाषा मागा, कोर्ट फुकट देतं, फक्त तारखेच्या बरेच दिवस आधी ऑफिसला फोन करून सांगून ठेवा, कारण मराठीचा माणूस लगेच मिळेलच असं नाही आणि हिंदीचा आणला तर चालेल का असं तेच तुम्हाला विचारतील.