इराणमधल्या गावाची लोकसंख्या कशी शोधायची
आपल्या मुंबईतल्या बऱ्याच इराणी हॉटेलवाल्यांची मूळ गावं इराणच्या यझ्द प्रांताकडची, तर तसं एखादं गाव शोधायचं असेल तर नुसत्या नावावर जाऊ नका, हुसेनाबाद नावाची गावं तिकडे ढिगाने आहेत. आधी उतरंड पक्की करा: ओस्तान म्हणजे आपलं राज्य समजा, मग शहरेस्तान म्हणजे जिल्हा, बख्श साधारण तालुका आणि त्याखाली देहेस्तान, म्हणजे गावांचा गट, आपलं गाव यात येतं. हे चारही जुळले तरच आकडा घ्या. जनगणनेचं वर्ष इराणी असतं, त्यात ६२१ मिळवा, १३९५ म्हणजे २०१६. आकड्याशेजारी कुटुंबं किती तेही बघाच, दोन्ही आकडे आधीच्या जनगणनेशी ताडले की गाव रिकामं होतंय का ते कळतं.