पहिल्या सरीवर तिफण धरू नका, अन् पाण्याला आधीच वाट करून ठेवा

रोहिणी निघाली की कास्तकाराचा पाय घरात ठरत नाही. वखरणी झालेली, बियाण्याच्या बॅगा पडवीत आलेल्या, अन् एखाद्या संध्याकाळी वळवाची सर आली की गावात पेरणीचीच बोली. मृग साधायचा हे वडीलधाऱ्यांनी अनुभवानेच शिकवलं. पण त्यांच्या वेळचा पाऊस आता राहिला नाही.

मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो, मग उघाड पडते. त्यात आपलं ऊन. नागपुरात 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा तापलेल्या काळ्या जमिनीत वीस-तीस मिलिमीटर पाऊस भेगांतच जिरतो. बोटाने माती उकरून पाहा: वरची दोन बोटं ओली, खाली कोरडी. त्यात टोबलेली सरकी (कापसाचं बी) उगवते, पण दहा दिवसांच्या उघाडीत माना टाकते. दुबार पेरणीचा खर्च कोणाच्या माथी बसतो, हे सांगायला नको.

म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तालुक्याचा आकडा धरू नका, पाऊस आता धुऱ्यागणिक (बांधागणिक) वेगळा पडतो. बुडापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा, उभ्या काठाचा डबा शेतात मोकळ्या जागी ठेवा. त्यात एक सेंटिमीटर पाणी साचलं म्हणजे 10 मिलिमीटर. रोज सकाळी मोजून वहीत लिहा अन् डबा रिकामा करा.

घरचं सोयाबीन पेरणार असाल तर आताच 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. 70 उगवले तर बियाणं चांगलं, कमी उगवले तर त्या मानाने प्रमाण वाढवा. दाणा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. कापसाच्या नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायला लागवडीच्याच दिवशी थोडी रोपं पिशव्यांत करून ठेवा.

आता पाण्याची वाट. माझ्या मते यंदा सर्वांत जास्त मेहनत इथेच घ्यावी. एका दिवसात 65 मिलिमीटर पडला तर एका एकरावर सुमारे 2 लाख 63 हजार लिटर पाणी येतं. ते जाणार कुठून? पेरणी उताराला आडवी करा. बीबीएफ यंत्र (रुंद वरंबा अन् सरी पाडत पेरणारं) मिळत असेल तर सोयाबीन रुंद वरंब्यावरच घ्या: सरीत ओल मुरते अन् झडीत जादा पाणी निघून जातं. यंत्र नसेल तर पीक महिन्या-सव्वा महिन्याचं झालं की डवऱ्याच्या (कोळप्याच्या) जानोळ्याला, म्हणजे पास धरणाऱ्या दांड्याला, दोरी गुंडाळून डवरणी करा, तासांमध्ये आपोआप सरी पडते. सऱ्यांचं तोंड मात्र नाल्याकडे निघालं पाहिजे, शेजाऱ्याच्या वावरात नाही. त्याच्याशी आताच बोलून घ्या, भर पावसात धुऱ्यावर भांडण नको.

संत्र्याच्या बागेतही उताराच्या बाजूने चर काढा, बुंध्याशी पाणी थांबलं की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) बळावतो.

लांब उघाडीनंतर जोराचा पाऊस झाला अन् भर पात्या-बोंडांची पऱ्हाटी (कापसाचं झाड) अचानक मलूल दिसली, तर ती आकस्मिक मर समजा. फवारणीच्या मागे धावण्याआधी साचलेलं पाणी काढा, झाडाच्या बुडाची माती पायाने घट्ट दाबा अन् त्याच दिवशी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) झाड दाखवा.