सरासरी वेग काढताना या चुका टाळा

सरासरी वेगाचं गणित एका ओळीचं आहे: एकूण अंतर भागिले एकूण वेळ. तरीही आकडा चुकतो.

सगळ्यात जास्त फसवते ती वेगांची सरासरी. समजा, पहिले 5 किलोमीटर ताशी 12च्या वेगाने पळालात आणि पुढचे 5 ताशी 8ने. सरासरी 10? नाही. पहिल्या टप्प्याला 25 मिनिटं लागली, दुसऱ्याला साडेसदतीस. म्हणजे साडेबासष्ट मिनिटांत 10 किलोमीटर, ताशी 9.6. हळू टप्प्यात वेळ जास्त जातो, म्हणून सरासरी खाली ओढली जाते. टप्पे सारख्या अंतराचे असतील तर पेसची, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेची, सरासरी घ्या. 5:00 आणि 7:30 यांची 6:15 येते आणि ती अचूक असते.

5:30 चा पेस कॅल्क्युलेटरमध्ये 5.3 म्हणून टाकू नका. साडेपाच मिनिटं म्हणजे 5.5. वेग ताशी 10.9 येतो, 11.3 नव्हे.

ऑटो-पॉजकडेही, म्हणजे तुम्ही थांबलात की वेळ मोजणं थांबवणाऱ्या घड्याळाच्या सोयीकडेही, नीट बघा. 5 किलोमीटर 30 मिनिटांत पळालात, मध्ये 2 मिनिटं थांबलात, तर घड्याळ 6:00 दाखवेल. थांबलेला वेळ धरला तर 6:24. सरावात पहिला आकडा चालेल, पण शर्यतीचं घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय त्या विश्रांतीमुळेच पुढचे पाय हलके पडलेले असतात, हे विसरू नये.

जीपीएसचा सिग्नल पक्का होण्याआधी पळायला सुरुवात केली, किंवा रस्ता उंच इमारतींमधून जात असला, की अंतर बिघडतं. ट्रॅकवर फेऱ्या मोजत असाल तर लेन बघा. 400 मीटर फक्त सर्वांत आतल्या लेनचे. आठव्या लेनमधली फेरी साधारण 453 मीटरची. तिथे साडेबारा फेऱ्या मारून 5 किलोमीटर धरलेत, तर 600 मीटरहून जास्त मेहनत हिशेबातच आली नाही.

मॅरेथॉनमध्ये तर अंतराची चूक फार महागात पडते. मार्ग शक्य तितक्या जवळच्या रेषेवरून मोजलेला असतो. आपण वळणांवर बाहेरून जातो, गर्दीतून वाट काढतो. घड्याळात 42.195 ऐवजी 42.6 भरतात. चार तासांसाठी 5:41 चा पेस धरून बसलात, तर दोन मिनिटं उशीर ठरलेला. घड्याळावर 5:37 ठेवा आणि किलोमीटरच्या प्रत्येक पाटीपाशी लॅपचं, म्हणजे टप्प्याची वेळ नोंदवणारं, बटण स्वतः दाबा.