सेक्शन कमांडर कोर्सची तयारी: ठाणे-नवी मुंबईत सुट्टीवर असताना काय करावं

कळवा, ऐरोली किंवा खारघरला सुट्टीवर आलेल्या लान्स नायक-नायकासमोर परत गेल्यावर युनिटची प्रमोशन कॅडर (बढतीआधीचं प्रशिक्षण) असेल, किंवा बेळगावच्या ज्युनिअर लीडर्स विंगसारख्या ठिकाणचा कोर्स असेल, तर तो घरी साधारण दोन गोष्टी करतो. सकाळी धावतो आणि रात्री वही उघडून नोट्स वाचतो. दोन्ही हवंच, पण चांगलं ग्रेडिंग एवढ्यावर मिळत नाही. एनसीओच्या (जवानांमधून वर आलेल्या कनिष्ठ कमांडरच्या) कोर्समध्ये तुम्हाला किती येतं यापेक्षा तुम्ही दुसऱ्याकडून किती करून घेता हे तपासलं जातं. सबक (वर्गातला पाठ) शिकवायचा, सँड मॉडेलसमोर (वाळूत केलेल्या जमिनीच्या प्रतिकृतीसमोर) ऑर्डर द्यायची, फायरखाली सेक्शन (दहा जणांची तुकडी) हलवायचा. हे सगळं तोंडाने होतं, तेही उभं राहून, हिंदीत, दमलेल्या अंगाने. म्हणून घरची तयारीसुद्धा तोंडाने आणि उभं राहूनच व्हायला हवी.

वार्षिक सुट्टी ६० दिवसांची असते आणि ती घरच्यांचीही असते. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी ४० मिनिटं एवढंच काढा, पण सहा आठवडे रोज काढा. शेवटच्या आठवड्यात रेटून काही होत नाही.

सबक: सर्वांत जास्त मार्क इथेच जातात

संध्याकाळची ४० मिनिटं यासाठी आहेत, कारण एक पीरियड तेवढाच असतो. क्रम तुम्हाला माहीत आहे: शुरू-शुरू की कार्रवाई, दोहराई (मागच्याची उजळणी), पहुँच (विषयाकडे वळणं), उद्देश्य, सामान, भागों में बाँट, मग एकेक भाग आणि त्याचा अभ्यास, शेवटी सवाल आणि संक्षेप. क्रम पाठ असूनही सबक फसतो तो वेळेच्या वाटणीमुळे. क्लासची मोजणी आणि सामानाच्या तपासणीतच आठ-दहा मिनिटं जातात, मग शेवटचा भाग गुंडाळावा लागतो आणि संक्षेप राहूनच जातो. सरावासाठी ही वाटणी धरा: सुरुवातीच्या कारवाईला ४ मिनिटं, दोहराईला ३, पहुँच ते भागों में बाँट २, भाग आणि अभ्यासाला २५, सवालांना ३, संक्षेपाला ३. फोनवर टायमर लावा आणि वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. असं तीन-चार वेळा झालं की कुठे पाल्हाळ लागतो ते आपोआप कळतं.

हत्यार घरी नसतं, आणि लाकडी किंवा खेळण्यातली रायफल घेऊन मैदानात सराव करू नका. कुणीतरी पोलिसांना फोन करणारच. त्याऐवजी असा विषय घ्या ज्याचं सामान घरात आहे: कंपासचे भाग, वाहतं रक्त थांबवणं, बुटांची निगा, पिट्ठू (पाठीवरची पिशवी) भरणं. विषयाचे तीनच भाग पाडा. समोर भाऊ, मुलगी, शेजारचा कॉलेजचा पोरगा, कुणीही बसवा. ज्याला विषयातलं काही कळत नाही तोच चांगला परीक्षक, कारण शिकवून झाल्यावर त्याच्याकडून ती कृती करून घेतली की तुमचा सबक उतरला की नाही ते लगेच दिसतं.

प्रश्न विचारायची पद्धत कटाक्षाने पाळा. आधी पूर्ण प्रश्न, मग तीन-चार सेकंद गप्प, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे नऊ जण विचार करणं सोडून देतात, आणि मागे बसलेला परीक्षक नेमकं तेच टिपतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नमुना दाखवताना क्लासकडे पाठ करणं, किंवा आपल्याच अंगाने सामान झाकणं. हे स्वतःला कळत नाही. फोन क्लासच्या जागी ठेवून रेकॉर्डिंग करा आणि पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. हात कुठे जातात, नजर कुठे असते ते दिसेल. मग नुसता आवाज ऐका आणि 'तो', 'ठीक है', 'मतलब' किती वेळा आलं ते मोजा.

मराठी जवानांची हिंदी चांगली असते, पण घाईत 'उजवा-डावा' तोंडात येतो आणि उनसठ, उनहत्तर, उन्यासी यांची गल्लत होते. बेअरिंग (दिशेचा कोन) आणि ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या जागेचे आकडे) नेहमी एकेक आकडा सुटा बोला: 'तीन-शून्य-पाँच'. दिशा सांगताना 'दाहिने-बाएँ' एवढंच. सहा आठवडे घरातसुद्धा आकडे असेच बोलले तरी चालेल, घरचे हसतील तेवढे हसतील.

नकाशा: घराभोवतीच्या शीटवर

सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० मालिकेत ठाणे शहर जुन्या क्रमांकाच्या ४७ ए/१६ शीटवर येतं आणि बेलापूर, खारघरचा पट्टा शेजारच्या ४७ ई/४ वर. नागरिकांसाठी खुल्या असलेल्या ओपन सीरिजच्या शीट सरावाला पुरेशा आहेत. लष्करी वापराच्या शीट घरी आणायच्या नाहीत. प्रिंट काढताना दुकानदाराला 'अ‍ॅक्च्युअल साइज' सांगा. 'फिट टू पेज' केलं की स्केल बिघडतं आणि मग तुमचं प्रत्येक अंतर चुकतं. हातात आल्यावर आधी छापलेल्या स्केलवर फूटपट्टी ठेवा: १ किलोमीटर बरोबर २ सेंटिमीटर भरला पाहिजे. शीटवर ग्रिड नसेल तर २ सेंटिमीटरच्या चौकटी पेन्सिलने आखा आणि त्यांना स्वतःचे आकडे द्या.

सहा आकडी ग्रिड रेफरन्स १०० मीटरपर्यंत जागा सांगतो, आठ आकडी १० मीटरपर्यंत. ईस्टिंग (पूर्वेकडे वाढणारा आकडा) आधी, नॉर्दिंग (उत्तरेकडे वाढणारा) नंतर. हे सगळ्यांना येतं, तरी दमल्यावर उलटं होतं, म्हणून धावून आल्यावर घाम निथळत असतानाच दहा रेफरन्स काढायचा नेम ठेवा. कंटूरचं (समान उंचीच्या रेषांचं) अंतर २० मीटर आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ९ रेषा दिसल्या तर पहिल्या आणि शेवटच्या रेषेत १६० मीटरचा फरक असतो, १८० चा नाही, कारण ९ रेषांमध्ये ८ गाळे पडतात. एवढ्याशा चुकीने चढाईच्या वेळेचं गणित बिघडतं. वेळेसाठी ढोबळ हिशोब: सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास जादा. पाठीवर वजन असेल किंवा रात्र असेल तर याहून बराच जास्त वेळ धरा.

रिसेक्शनसाठी (खुणांवरून आपली जागा नकाशावर शोधण्यासाठी) ऐरोलीचा खाडीकाठ छान आहे. पश्चिमेला येऊरची रांग, पूर्वेला पारसिकचा डोंगर, वर मुंब्र्याचा डोंगर. तीन ठळक खुणा घ्या, प्रत्येकीचं बेअरिंग घ्या, बॅक बेअरिंग काढा (१८० पेक्षा कमी असेल तर १८० मिळवा, जास्त असेल तर वजा करा) आणि नकाशावर रेषा ओढा. तिन्ही रेषा एका बिंदूत क्वचितच मिळतात, छोटा त्रिकोण तयार होतो. त्रिकोण मोठा आला तर बहुधा दोनपैकी एक कारण असतं: दोन खुणांमधला कोन फार अरुंद होता, किंवा तुम्ही लोखंडाजवळ उभे होता. पुलाच्या आणि पाम बीच रोडच्या रेलिंगजवळ कंपास लावूच नका. गाडीपासून दहा-पंधरा मीटर, हाय टेन्शन लाइनपासून निदान ६० मीटर लांब जा. खिशातला फोनही बाजूला ठेवा.

एक गोष्ट इथे सराव करताना लक्षात येत नाही. ठाण्याच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे. त्यामुळे मॅग्नेटिक-ट्रू-ग्रिड बेअरिंगची बेरीज-वजाबाकी विसरली तरी उत्तर जवळपास बरोबर येतं आणि चुकीची सवय लागते. म्हणून मुद्दाम खोटा फरक धरा, समजा ४ अंश पश्चिम, आणि रोज पाच रूपांतरं कागदावर सोडवा.

पावलांचा हिशोब स्वतःचा हवा, पुस्तकातला नको. मोजून काढलेल्या १०० मीटरवर फक्त डावं पाऊल मोजत चला. साधारण ६० ते ६५ भरेल. मग तेच चढावर, वजन घेऊन आणि अंधारात मोजा. अंधारात पाऊल आखूड पडतं, आकडा वाढतो. चारही आकडे नाइट मार्चच्या चार्टच्या कोपऱ्यात लिहायची सवय लावा. रात्रीच्या सरावासाठी येऊरच्या जंगलात जाऊ नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, बिबट्याचा वावर आहे आणि परवानगीशिवाय आत जाता येत नाही. पावसाळ्यात खारघरच्या धबधब्यांच्या बाजूलाही बंदी लागते. सोसायटीमागचं मोकळं मैदान पुरतं.

अंतराचा अंदाज हा विषय लोक सोडून देतात, पण फायर कंट्रोल ऑर्डर (गोळीबाराचा हुकूम) त्यावरच उभी असते. रोज पाच वस्तू ठरवा, अंदाज लिहा, मग फोनच्या नकाशावर अंतर मोजा. पाण्यापलीकडची वस्तू जवळ वाटते, म्हणून खाडीकाठी आणि नेरुळच्या होल्डिंग पाँडवर बहुतेकांचा अंदाज कमी पडतो. उन्हात उजळलेली वस्तूही जवळ वाटते. सूर्य डोळ्यांवर असेल किंवा उजेड कमी असेल तर तीच लांब वाटते. महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपली चूक नेहमी कोणत्या बाजूला जाते ते ओळखणं, म्हणजे ती सुधारता येते.

ऑर्डर आणि सेक्शन हलवणं

सँड मॉडेल गच्चीवर करता येतं. ६ बाय ४ फुटांचा प्लास्टिकचा कागद, दोन घमेली ओली वाळू, रांगोळीचे रंग, दोरा. निळी रांगोळी पाण्याला, हिरवी झाडीला, लाल शत्रूला. उत्तर दिशेचा बाण, स्केल आणि ग्रिडचे दोरे सगळ्यात आधी लावा. मॉडेल सुंदर झालं आणि उत्तर दिशा राहिली, तर त्या मेहनतीचा उपयोग नाही.

ऑर्डरचे पाच मथळे ठरलेले आहेत: परिस्थिती, मिशन, अंमलबजावणी, प्रशासन आणि रसद, कमांड व सिग्नल. मिशन एका वाक्यात, आणि ते दोनदा, शब्दही न बदलता. चुका बहुतेक अंमलबजावणीच्या शेवटी होतात. कोण कुठून जाणार हे सांगून होतं, पण जखमी झाला तर काय, वाट चुकली तर काय, कमांडर पडला तर कोण, हे सुटतं. ऑर्डरनंतर सेक्शनमधल्या सर्वांत गप्प माणसाला त्याचं काम विचारा.

वेळेचा नियम: मिळालेल्या वेळातला एक तृतीयांश तुमचा, दोन तृतीयांश सेक्शनचा. रात्री ८ ला काम मिळालं आणि पहाटे ५ ला निघायचं असेल, तर तुमची रेकी (जागेची पाहणी), प्लॅन आणि ऑर्डर सगळं ११ पर्यंत संपलं पाहिजे. उरलेले सहा तास जवानांच्या तयारीचे, रिहर्सलचे, जेवणाचे आणि झोपेचे. प्लॅन सुधारत बसणारा कमांडर नेमका त्यांच्या झोपेतून वेळ काढतो, आणि त्याचा परिणाम हल्ल्यात दिसतो.

फायर कंट्रोल ऑर्डर ग्रिटच्या क्रमानेच द्या: टोळी, अंतर, निशाणाची ओळख, फायरचा प्रकार. 'राइफल ग्रुप... तीन सौ... सामने अकेला पेड़, दाहिने दो बजे, झाड़ी...' प्रत्येक तुकड्यानंतर थांबा, कारण समोरच्याला साइट लावायची असते, मान वळवायची असते. सेक्शन कमांडर हमखास करतो ती चूक अशी: फायर सुरू झालं की तो स्वतःच रायफलमन होतो. दोन मिनिटं निशाणा घेत बसतो आणि एलएमजी (हलकी मशीनगन) ग्रुप कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. दर हालचालीनंतर दोन्ही बाजूंना पाहायचं हे अंगात मुरवा. घरी दहा काड्या किंवा गोट्या जमिनीवर मांडून सिंगल फाइल, अ‍ॅरो हेड, एक्सटेंडेड लाइन अशा चालण्याच्या रचना बदलत जा आणि प्रत्येक बदलाची ऑर्डर मोठ्याने बोला.

अंग

बीपीईटीत (लष्कराच्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत) ५ किलोमीटर वजनासह धाव, ६० मीटर स्प्रिंट, उभा आणि आडवा दोर, ९ फुटी खंदक. इथली दमट हवा फसवी असते. घाम सुकत नाही, शरीर थंड होत नाही, आणि वेळ वाईट येते म्हणून माणूस आणखी जोर लावतो. सकाळी साडेसहाच्या आत धावणं संपवा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला, घट्ट करून पिऊ नका. वजन आणि अंतर एकाच आठवड्यात वाढवू नका, आणि वजन घेऊन पेव्हर ब्लॉकवर धावू नका. नडगीचं हाड दुखावलं तर कोर्सच हातचा जातो. उतारावर वजन घेऊन चाला, धावू नका. पारसिक हिलचा रस्ता वजन घेऊन चढायला उत्तम आहे. दोरासाठी पुल-अप्स करा आणि बारवर जाड टॉवेल टाकून त्याला लटका, कारण आधी पकड सुटते, दंड नंतर. नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटर. ही उडी वाळूच्या खड्ड्यातच मारा.

नवे बूट कोर्सच्या निदान तीन आठवडे आधी पायात घाला. शेवटचे पाच दिवस वजन नको, फक्त हलकी धाव आणि आवाजाचा सराव. जॉइनिंग इन्स्ट्रक्शनमधली यादी समोर ठेवून एकेक वस्तू ट्रंकेत टाका, मेडिकल कॅटेगरीचा कागद आणि आयकार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. तिथे गेल्यावर सँड मॉडेल, नोट्स किंवा रेंजचा एकही फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ देऊ नका, घरच्या ग्रुपवरसुद्धा नाही. आणि ड्युटीसाठी नाव विचारलं की पहिल्या आठवड्यातच हात वर करा. तेव्हा सगळेच नवखे असतात आणि चुका सुधारायला वेळ असतो. दुसरा कमांडर असेल तेव्हा त्याचा टूआयसी (दुय्यम कमांडर) म्हणून मनापासून काम करा, त्याची चूक सगळ्यांसमोर काढू नका, बाजूला घेऊन सांगा. तुमची पाळी येईल तेव्हा तुमच्या ऑर्डरवर हलणारे तेच नऊ जण असतात.